ड्रायव्हर कोण होता?

सुकापूरच्या आमच्या सोसायटीत देशभक्त पुष्कळ आहेत, फिटर एकच. पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली सगळी बिल्डिंग जमते, पण त्याच सकाळी पाण्याचा पंप बंद पडला की सगळ्यांच्या नजरा एकाच माणसाकडे वळतात. त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही. लहानथोर सगळ्यांचे ते फिटरकाका. उभी हयात एसटीत गेली, तीही गाड्यांच्या वर नाही, खाली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी शर्टाच्या खिशाला पेनाऐवजी टेस्टर असतो आणि हात कितीही धुतला तरी नखांच्या कडा काळ्याच राहतात.

काका बसतात गॅलरीत. समोर माथेरान रोड. पलीकडची भातखाचरं जाऊन तिथे इमारती आल्या, त्याचं सोसायटीतल्या जुन्या माणसांना वाईट वाटतं. काकांना वाटत नाही. गाड्या वाढल्या, म्हणजे ऐकायला वाढलं. पेपर तोंडापुढे धरलेला असतो आणि कान रस्त्यावर. "क्लच घासतोय." "बेअरिंग गेलं, नेऱ्यापर्यंतसुद्धा जायचा नाही." उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची वाट सगळं सुकापूर बघतं, आमच्याकडे टँकर वळणावर असतानाच काका सांगतात, "आला. पण निम्माच भरलाय. पाणी आत हिंदकळतंय." आणि सेक्रेटरी टँकरवाल्याशी भांडायची तयारी करून खाली उतरतात.

अशा माणसाला रणगाड्यांचा नाद लागावा, याचं नवल वाटायला नको. लागला तो नगरला, भाच्याच्या लग्नात. मुहूर्ताला अवकाश होता, म्हणून कुणीतरी वऱ्हाडाला रणगाड्यांचं संग्रहालय दाखवायला नेलं. 'कॅव्हलरी टँक म्युझियम' त्याचं नाव. लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते फेब्रुवारी १९९४ मध्ये ते सुरू झालं. जोशी स्वतः रणगाडा दलातले. पन्नासच्या आसपास गाड्या तिथे उघड्यावर, झाडाझुडपांत मांडून ठेवल्या आहेत. वऱ्हाडी मंडळी तोफेखाली उभी राहून फोटो काढत होती आणि काका 'विजयंता'च्या मागच्या बाजूला वाकून उभे होते. इंजिन कोणाचं म्हणून त्यांनी विचारलं, तर उत्तर आलं, "लेलँड."

"लेलँड?" काका सरळ झाले. "म्हणजे आपलीच की!"

मद्रासच्या अशोक मोटर्सशी १९५५ साली जिचं नाव जोडलं गेलं तीच ही विलायतेची लेलँड, आणि विजयंताही मद्रासजवळच्या आवडीच्या कारखान्यातलाच. मूळ आराखडा ब्रिटनच्या विकर्सचा, पण बांधणी इथली. आयुष्यभर ज्या नावाच्या गाड्यांखाली उताणं पडून काढलं, ते नाव युद्धावर गेलं होतं आणि आपल्याला कुणी सांगितलंही नाही, याचा काकांना मोठा धक्का बसला. पुढे त्या एल-सिक्स्टी इंजिनात सिलिंडर सहा आणि पिस्टन बारा, एकाच सिलिंडरात दोन पिस्टन समोरासमोर धावतात, हे कळल्यावर त्या रात्री लग्नघरात ते झोपलेच नाहीत, असं काकू सांगतात. ब्रिटनच्या चीफ्टन रणगाड्यालाही तेच इंजिन होतं आणि त्यानं तिथल्या फिटरांनाही सुखानं झोपू दिलं नाही, ही माहिती काकांनी नंतर मिळवली. तेव्हापासून ब्रिटिश फिटरांबद्दल त्यांना बंधुभाव वाटतो.

आता युद्धकथा सांगणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. पण त्यांच्या कथेत तोफ असते, छाती असते, शत्रू असतो. गाडी आपली आपण चालते. काकांची युद्धकथा सुरूच होते डिझेलच्या टाकीपासून. रणगाडा कोणताही असो, त्यांचे प्रश्न ठरलेले. स्टार्ट होतो का? दहा लिटरला किती देतो? आणि तिसरा, ज्यानं आमच्या सोसायटीतले समारंभ कायमचे बदलून टाकले: ड्रायव्हर कोण होता?

हा प्रश्न पहिल्यांदा जाहीरपणे फुटला तो एका सव्वीस जानेवारीला. वक्ते बोलावले होते. विषय १९६५ची असल उत्तरची लढाई. वक्त्यांचा आवाज दणदणीत होता. खेमकरणच्या बाजूनं आलेले पॅटन, उसाच्या शेतात दबा धरून बसलेले आपले जवान, चौथ्या ग्रेनेडियर्सचा अब्दुल हमीद, त्याची जीपवर बसवलेली रिकॉइललेस तोफ, १० सप्टेंबरचं त्याचं हौतात्म्य, परमवीर चक्र. बायकांनी डोळे टिपले. वक्त्यांनी प्रश्न विचारायला सांगितल्याबरोबर काकांचा हात वर.

"जीप चालवत कोण होतं?"

वक्ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "भारतमाता की—"

जमाव "जय" म्हणाला. काकाही म्हणाले. जयजयकार पूर्ण ओसरू दिला आणि मग शांतपणे म्हणाले, "तेच विचारतोय. रिकॉइललेसचा बार उडाला की मागे धुरळा उठतो, जागा कळते. म्हणजे बार झाला की जीप तिथून हलवायलाच हवी, नाहीतर संपलं. हमीद तोफेवर. मग हलवत कोण होतं?"

सेक्रेटरींनी चहा वाटायला सुरुवात केली.

वक्ते गेल्यावर उरलेली लढाई काकांनी कट्ट्यावर लढवली. पॅटन म्हणजे चव्वेचाळीस-पंचेचाळीस टनांचं धूड, अमेरिकेचं त्या काळचं नावाजलेलं यंत्र. आपल्याकडे थोडे सेंच्युरियन होते. बाकी दुसऱ्या महायुद्धातले शेर्मन आणि हलके फ्रेंच एएमएक्स. समोरासमोर उघड्यावर अवघडच होतं. म्हणून आपल्या सैन्यानं घोड्याच्या नालेसारखी फळी धरली आणि पुढच्या शेतांत पाणी सोडलं. पॅटन उसात शिरले, चिखलात रुतले, आणि तीन बाजूंनी मार बसला. भारतीय लष्कराच्या हिशेबात त्या लढाईत पाकिस्तानचे ९७ रणगाडे गेले; पकडलेले रणगाडे भिखीविंडला ओळीनं लावले, तेव्हा त्या जागेला लोक पॅटननगर म्हणू लागले.

"चिखल!" काका म्हणायचे आणि माथेरान रोडकडे हात करायचे. "आपल्याला कोण शिकवणार? इथे जुलैत भाताच्या खाचरात ट्रॅक्टरसुद्धा कुठून घालायचा ते ठरवून घालतात. त्या पॅटनच्या ड्रायव्हरला कुणी विचारलं असेल का, बाबा, घालू का इथं? नसणार. साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं असेल. नकाशा कोरडा असतो."

एवढ्यात वरून काकूंचा आवाज यायचा, "अहो, पॅटन काढलात ना चिखलातून? मग मिक्सर बघा आता. दिवाळीपासून खोलून ठेवलाय." काका उठायचे. घरच्या कामाला काका कायम पुढची तारीख देत. ती सवय त्यांना डेपोतून लागली, असं काकूंचं म्हणणं.

पुढे सेक्रेटरींच्या डोक्यात आलं, की सोसायटीच्या गेटवर एक रणगाडा हवा. सैन्यातून निवृत्त झालेले रणगाडे चौकांत, शाळा-कॉलेजांत शोभेला उभे असतात. आपणही अर्ज करू. फ्लॅटचे भाव वाढतील, हे कारण इतिवृत्तात लिहिलं नाही, पण सगळ्यांना पटलं. अर्ज करण्याआधी एकदा नीट बघून यावं, म्हणून नगरची सहल ठरली. नगरचं नाव सरकारी कागदावर आता अहिल्यानगर आहे, पण सहलीच्या बोर्डावर 'नगर'च लिहिलं गेलं. सहलप्रमुख अर्थातच फिटरकाका.

बसमध्ये काका ड्रायव्हरच्या शेजारी. बोरघाटात गाडी तापली, तशी ती बाजूला घेऊन थांबावं लागलं. मंडळी कुरकुरू लागली, तेव्हा काकांनी जोजिला काढला. १ नोव्हेंबर १९४८. साडेअकरा हजार फुटांची खिंड, बर्फ, आणि सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे. इतक्या उंचीवर रणगाडा येईल हे समोरच्याच्या स्वप्नातही नव्हतं, आणि येऊही नये, म्हणून जम्मूहून श्रीनगरला आणताना त्यांचे टरेट उतरवले होते. वाटेतल्या पुलांवरचं वजनही त्यानं कमी झालं. मद्रास सॅपर्सनी खेचरांची वाट रुंद केली. हल्ल्याच्या दिवशी जनरल थिमय्या स्वतः पुढच्या रणगाड्यात होते.

"थिमय्या पुस्तकात आहेत," काका म्हणाले, "असायलाच हवेत. पण काढलेलं टरेट परत बसवलं कुणी? त्या थंडीत? बोल्ट हाताला चिकटतो तिथे. ते पान सापडलं तर मला दाखवा." तोवर रेडिएटर निवला होता. पाणी काकांनीच ओतलं.

पुणं ओलांडून वाघोली मागे पडली, सगळे पेंगुळले. शिक्रापूरच्या चौकात काका एकदम उभे राहिले आणि म्हणाले, "पॅटन इथं बंद पडला. उतरा!"

दोघं-तिघं खरंच उठले.

"सुकापूरला टाकी फुल केली असती तरी इथं संपली," काकांनी हिशेब मांडला. "एम-४७ पॅटन. पेट्रोलची टाकी जवळपास आठशे ऐंशी लिटरची, आणि त्यात तो जातो एकशे साठ किलोमीटर. तेही डांबरी रस्त्यावर. म्हणजे के.पी.टी.एल. किती?" के.पी.टी.एल. म्हणजे दहा लिटरला किलोमीटर. एसटीत गाडीची आणि ड्रायव्हरची पत त्यावर ठरते. "दोनसुद्धा नाही! आमच्याकडे पंचेचाळीसच्या खाली आलं की साहेब बोलावून घ्यायचे. पॅटनच्या मागं पेट्रोलचे टँकर धावत होते म्हणून तो पॅटन. टँकर अडवला, की उरला पत्रा."

संग्रहालयात शिरल्यावर मात्र काकांची चाल बदलली. देवळात शिरताना होतात तसे ते जरा वाकले. हात न लावण्याची सूचना वाचून त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरून ठेवलं. माणसाला स्वतःचा भरवसा नसला की तो असं करतो. प्रत्येक गाडीला समोरून एक नजर, मग थेट मागे. वाकून खाली तेलाचा डाग शोधायचा. डाग नव्हता. "तेलच नाही आत," ते हळूच म्हणाले. त्यांना ते जरा लागलंच.

सिल्व्हर घोस्ट जातीची चिलखती रोल्स-रॉइस बघून मंडळी हरखली. काका म्हणाले, "हिला वरून चिलखत घातलंय, स्वभाव मोटारीचाच." जपानी हा-गो पाशी ते बराच वेळ थांबले. छोटीशी, साडेसात टनांच्या आतली गाडी. "आपली एसटी नुसती उभी केली तरी हिच्यापेक्षा जड," ते म्हणाले. आत माणसं तीन. टरेटमध्ये एकटा कमांडर. त्यानंच बघायचं, त्यानंच गोळा भरायचा, त्यानंच बार काढायचा आणि वर हुकूमही द्यायचे. "विनावाहक गाडी," काकांनी निकाल दिला. "एका माणसावर दोन ड्यूट्या लादल्या की काय होतं, ते आम्हाला नका सांगू."

बरोबर एक जवान होता, सातारकडचा, विशीतला. काका त्याला म्हणाले, "बाळा, मला हात लावायचा नाही. तू जरा टिचकी मार इथं." जवानानं इकडेतिकडे बघून बोटाच्या पेरानं पत्रा वाजवला. काकांनी डोळे मिटले. "पुन्हा. जरा खाली." पुन्हा वाजवला. "बारा एमएम," काका म्हणाले. जवानानं मान डोलावली, आणि तिथून पुढे तो आमचा गाइड न राहता काकांचा हेल्पर झाला.

शेर्मनपाशी काकांनी त्याला सांगितलं, की या रणगाड्याच्या एका प्रकारात मोठं इंजिन मिळेना म्हणून मोटारीची पाच इंजिनं एकाच गाठीत बांधली होती. एकूण सिलिंडर तीस. आपल्या लोकांनी १९४५ साली ब्रह्मदेशात, मेक्टिलाच्या लढाईत शेर्मन चालवले, आणि वीस वर्षांनी डेक्कन हॉर्सनं असल उत्तरला शेर्मनच पॅटनपुढे उभे केले. "वीस वर्षं जुनी गाडी रूटवर काढायची म्हणजे काय, हे वर्कशॉपला विचारा," असं म्हणून काकांनी शेर्मनला चक्क नमस्कार केला.

मग सेंच्युरियन. इथे काकांचा आवाजच उतरला. त्याचं मीटिऑर इंजिन म्हणजे स्पिटफायर विमानाचं मर्लिन, सुपरचार्जर काढलेलं. सत्तावीस लिटर, बारा सिलिंडर, साडेसहाशे अश्वशक्ती. सुरुवातीच्या मीटिऑरना तर पडलेल्या विमानांतले सुटे भाग लावले होते. "भंगारातून!" काकांचे डोळे लकाकले. "पाडलेलं विमान खोललं आणि रणगाडा चालवला. याला म्हणतात फिटर."

सेक्रेटरींना सेंच्युरियन म्हटल्यावर पूना हॉर्स आठवली. नावात पुणं असल्यामुळे त्यांना तिचा विशेष अभिमान. कर्नल तारापोर १६ सप्टेंबर १९६५ला चाविंडाच्या लढाईत आणि सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ला बसंतरच्या लढाईत पडले. दोघंही पूना हॉर्सचे, दोघांना परमवीर चक्र, दोघंही सेंच्युरियनवर. सेक्रेटरी म्हणाले, "आपल्या पेशव्यांच्या मातीतली रेजिमेंट!"

"पेशव्यांच्या मातीतली नव्हे, पेशव्यांच्या पैशातली," काका म्हणाले. "१८१७च्या जूनमधला तह. दुसऱ्या बाजीरावानं मुलूख तोडून दिला, त्या उत्पन्नावर कंपनीनं पूना ऑक्झिलिअरी हॉर्स उभी केली. नोव्हेंबरात खडकीची लढाई. गाडी आपल्या पैशाची, स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात. पुढं स्टिअरिंग आपल्याकडं आलं, तेव्हा तीच गाडी कशी धावली ते बसंतरला दिसलं."

आणि मग त्यांनी फामागुस्ताची गोष्ट सांगितली. सायप्रसमधल्या एका बंदराचं हे नाव. खेत्रपालच्या रणगाड्याचं तेच नाव होतं. खेत्रपालचा जन्म पुण्याचा, १९५०चा. वय २१. समोर पॅटनची रांग. त्याच्या रणगाड्यानं शत्रूचे रणगाडे टिपले, मग त्यालाच गोळा लागून आग लागली. वरून हुकूम आला, रणगाडा सोड. तोफ अजून चालते आहे, म्हणून त्यानं सोडला नाही, आणि तो तिथंच गेला. रणगाडा पाकिस्तानच्या हाती पडला, पुढे परत मिळाला, दुरुस्त झाला, आणि नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलनं तो जपून ठेवला आहे. २००१ साली अरुणचे वडील, ब्रिगेडियर खेत्रपाल, पाकिस्तानात आपलं जुनं गाव बघायला गेले. तिथे ज्यांनी पाहुणचार केला, त्या ब्रिगेडियर नासेरनी निघायच्या आदल्या रात्री सांगितलं, की त्या दिवशी समोरच्या रणगाड्यात मी होतो.

कुणी काही बोललं नाही. सेक्रेटरींनीही नाही. काका मात्र जवानाकडे वळले, आणि आम्हाला कळलं आता काय येणार.

"ड्रायव्हर कोण होता?"

"सवार प्रयाग सिंग," जवान म्हणाला. तसाच, ताठ उभा राहून. "गनर नथू सिंग. ऑपरेटर नंद सिंग."

काकांनी पाठीमागचे हात सोडले. इतक्या वर्षांच्या वक्त्यांनंतर, इतक्या चहांनंतर, पहिल्यांदाच त्यांना उत्तर मिळालं होतं. त्यांनी खिशातून वही काढली, तिन्ही नावं लिहून घेतली, आणि जवानाला परत वाचून दाखवली. मग टेस्टर काढून त्याच्या खिशाला लावला. "ठेव. चांगल्या कंपनीचा आहे."

परतल्यावर सोसायटीची सभा झाली. सेक्रेटरींनी गेटवरच्या रणगाड्याचा ठराव मांडला. फिटरकाकांनी त्यावर देखभालीचा तक्ता ठेवला: पावसाळ्याआधी रंग, टरेटच्या फटीतून आत साचणारं पाणी दर आठवड्याला काढणं, नाहीतर डेंग्यूचे डास, तोफेच्या नळीला जाळी, नाहीतर कबुतरं, चेनच्या फटीत पाय अडकवणारी मुलं, आणि गेटखाली आपली पिण्याच्या पाण्याची टाकी असल्यामुळे चाळीस टनांचं वजन पेलायला नवा स्लॅब. शेवटची ओळ: 'वरील कामे नियमित करणारा फिटर: सध्या एक, वय झालेले.' ठराव एकमतानं मागे घेण्यात आला.

त्याऐवजी पंधरा ऑगस्टला भाषण काकांनीच करावं असं ठरलं. ते झालं. मीटिऑर इंजिनावर फार वेळ गेला. गास्केटचा विषय निघाला तेव्हा मागच्या रांगा विरळ झाल्या. शेवटी त्यांनी वही काढून फामागुस्ताचा क्रू वाचला: प्रयाग सिंग, नथू सिंग, नंद सिंग, आणि मग अरुण खेत्रपाल. सेक्रेटरींनी खाली उतरल्यावर विचारलं, परमवीराचं नाव शेवटी का?

"आमच्या लॉगशीटवर ड्रायव्हर वर असतो," काका म्हणाले. "आणि खेत्रपाल मी विसरलो असतो तर तुम्ही आठवण केली असती. नथू सिंग विसरलो असतो तर कोण करणार होतं?"

सेक्रेटरी निरुत्तर झाले, पण बधले नाहीत. आता बाहेरच्या वक्त्यांना आमंत्रण द्यायचं झालं की ते पत्रात खाली एक ओळ घालतात: 'कृपया वाहनचालकाचे नाव पाहून यावे, सभासद विचारतात.' गेल्या वेळी पानिपतावर बोलायला येणाऱ्या गृहस्थांनी ती ओळ वाचली आणि फोन करून विचारलं, "भाऊसाहेब तर घोड्यावर होते हो. आता काय करू?" सेक्रेटरींनी फोन काकांकडे दिला. काकांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मोतद्दाराचं नाव बघा. आणि नाल कोण ठोकत होतं, तेही."

गृहस्थ आले नाहीत. त्या दिवशी काकांनी मिक्सर जोडला.